चिऊच्या घरात चिमणा कुठे होता?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. बोईसरला रात्री लाइट गेली होती, बाहेर धो धो पाऊस कोसळत होता आणि माझी सहा वर्षांची मुलगी काही केल्या झोपत नव्हती. मोबाइलची बॅटरी संपत आल्यामुळे कार्टूनचा मार्ग बंद होता. मग मला जी एकच गोष्ट न अडखळता सांगता येते ती सांगायला घेतली. शेणाच्या घरात राहणारा काऊ आणि मेणाच्या घरात राहणारी चिऊ. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दाराशी येऊन दार वाजवतो. चिऊ आतून दर वेळी नवं काम सांगते. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, काजळ लावायचंय, झोपवायचंय.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "अब्बू, बाळाचे अब्बू कुठे गेलेत?"

मी जरा विचार करून म्हणालो, "कामावर गेले असतील."

"एवढ्या पावसात? रात्रीचे?"

"सेकंड शिफ्ट असेल."

तारापूर एमआयडीसीच्या शेजारी वाढणाऱ्या मुलांना सेकंड शिफ्ट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तिचं समाधान झालं आणि ती झोपली. माझी झोप मात्र उडाली. ही गोष्ट मी तीस वर्षं ऐकत आणि सांगत आलो आहे. तिच्यात चिमणा नाही, हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. बाळ आहे, बाळाचं न्हाणं आहे, काजळ आहे. बाप नाही, आणि तो नसल्याचं कुणाला काही वाटतही नाही. त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरात टॉर्चच्या उजेडात माझी बायको दुसऱ्या दिवसाच्या डब्याची भाजी चिरत होती. तीही नोकरी करते, पालघरहून साडेसातला घरी पोहोचली होती. मी अंधेरीहून विरारला गाडी बदलून आलो होतो, म्हणून मी 'थकलेला' होतो. खरं सांगायचं तर मुलीला गोष्ट सांगणं हेच माझं त्या दिवसाचं एकमेव घरकाम होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'डीफॉल्ट' नावाचा प्रकार असतो. तुम्ही स्वतः काही निवडलं नाहीत, तर सिस्टिम जे गृहीत धरून चालते ते. ते कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, पण वापरणाऱ्याला ठरवणारा दिसत नाही. त्याला वाटतं, हे असंच असतं. लहानपणीच्या गोष्टी नेमकं हेच करतात. बाई घरात, बाळ बाईकडे, पुरुष बाहेर किंवा घोड्यावर, असं काही त्या शिकवत नाहीत. त्या ते गृहीत धरतात. शिकवलेल्या गोष्टीवर मूल वाद घालतं. गृहीत धरलेल्या गोष्टीवर वाद घालायला सहा वर्षांची मुलगी आणि गेलेली लाइट लागते.

परीकथांतल्या स्त्री-पुरुषांविषयी बोलायला बसलं की सहसा सिंड्रेला, स्नो व्हाइट आणि झोपलेली राजकन्या यांच्यावरच चर्चा होते. आपल्या घरांत गोष्टींचं गाठोडं जरा वेगळं होतं. मराठी शाळेत चिऊ-काऊ, भोपळ्यात बसून जंगल पार करणारी म्हातारी, आटपाट नगरातल्या आवडत्या आणि नावडत्या राण्या. घरी नानीच्या तोंडून अलादीन, सिंदबाद आणि अलीबाबा. शिवाय माझ्या वयाच्या मुलांना दूरदर्शनवरची 'अलिफ लैला' मालिका. या दोन्ही परंपरा आपल्याच आहेत, त्यामुळे दोन्हींचा हिशेब आपणच करायला हवा.

माझी नानी मनोरची. तिची आवडती गोष्ट अलीबाबाची. ती सांगताना नानीचा आवाज एका ठिकाणी बदलायचा, आणि ते ठिकाण 'खुल जा सिमसिम' हे नव्हतं. मरजीना आली की नानी सरसावून बसायची. मरजीना म्हणजे अलीबाबाच्या घरातली गुलाम मुलगी. चोर घर ओळखायला दारावर खडूची खूण करून जातात, तेव्हा ती आजूबाजूच्या सगळ्या दारांवर तीच खूण करून ठेवते. तेलाच्या रांजणांत चोर लपले आहेत हे तिलाच कळतं, आणि उकळतं तेल ओतून त्यांना संपवणारीही तीच. शेवटी चोरांचा सरदार पाहुणा बनून जेवायला येतो, तेव्हा नाचता नाचता खंजीर काढून त्याला मारतेही तीच. अलीबाबाने काय केलं? तो झाडावर लपून बसला, त्याने परवलीचा शब्द ऐकला आणि सोनं आणलं. पुढची अर्धी गोष्ट तो एक तर झोपलेला असतो किंवा पाहुण्याला ताट वाढायला सांगत असतो.

तरी गोष्टीचं नाव 'अलीबाबा आणि चाळीस चोर'. चोरांनासुद्धा नावात जागा आहे, मरजीनाला नाही. तिचं बक्षीस काय? गुलामीतून सुटका, आणि मग अलीबाबाच्या मुलाशी लग्न. म्हणजे जिने घर वाचवलं ती त्याच घरात सून झाली. तिला कुठे जायचं होतं, काय करायचं होतं, हे तिला कुणी विचारल्याचं गोष्टीत नाही.

या गोष्टीचा इतिहासही बघण्यासारखा आहे. 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलादीन आणि अलीबाबा सापडत नाहीत. हलब शहरातून पॅरिसला गेलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने 1709 मध्ये त्या आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला सांगितल्या. गालाँने त्याचा उल्लेख आपल्या रोजनिशीत केला, पुस्तकात केला नाही. आपल्याकडे मराठीत या अरबी गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांच्या अनुवादामुळे एकोणिसाव्या शतकातच पोहोचल्या. म्हणजे गोष्ट सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, नाव होणारा तिसरा, हे नेहमीच चालत आलं आहे. ज्याच्या हातात सत्ता नाही त्याचं नाव गळतं, आणि बाईचं सगळ्यात आधी गळतं.

जर्मनीत ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये आपला पहिला संग्रह छापला. त्यांना गोष्टी सांगणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा होता. डोरोथिया फीमान ही शिंप्याची बायको कासल शहरात भाजीपाला विकायला यायची, आणि तिने त्यांना कितीतरी गोष्टी दिल्या. ग्रिम बंधूंनी तिचं चित्र नंतरच्या आवृत्तीत छापलं, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. पण जगाने त्या गोष्टींना ग्रिम यांच्या परीकथा म्हणून ओळखलं. छापताना गोष्टी बदलतही गेल्या. स्नो व्हाइटला मारायला निघालेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, 1819 मध्ये ती सावत्र झाली. लाल टोपीवाल्या मुलीचं तर फारच उलटं झालं. फ्रान्सच्या खेड्यांत तोंडी चालत आलेल्या एका रूपात ती मुलगी लांडग्याला थाप मारून बाहेर पडते आणि स्वतःच्या अकलेने सुटते. पेरो या लेखकाने 1697 मध्ये ती छापली, तेव्हा लांडग्याने तिला खाऊन टाकलं. ग्रिम यांनी छापली, तेव्हा तिला वाचवायला शिकारी आला. तोंडी गोष्टीत जी मुलगी आपली आपण घरी पोहोचायची, तिला पुस्तकात दुसऱ्याची वाट बघावी लागली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही, आपल्याच जिल्ह्यात बघा. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहायचं काम परंपरेने सुवासिनींचं. त्या चौकात पालघट देवी असते. लग्न लावणारी, त्याची गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. 1970 च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती त्यांच्या हाताला मिळाली, यात वाद नाही. पण कागदाला किंमत आली, खाली सही आली, तेव्हा पुढे आलेली बहुतेक नावं पुरुषांची होती. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिणाऱ्या बायकांना सही करायची वेळच आली नव्हती.

आता माझ्या घरातली मरजीना सांगतो.

माझी आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बारावी सायन्सला तिचे गणिताचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, आजही आहेत, कारण मार्कशीट बदलत नाही. इंजिनिअरिंगचं कॉलेज मुंबईच्या बाजूला होतं. घरात म्हणाले, दूर पडतं. ते खरंही होतं. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल आली नव्हती, ती 2013 मध्ये आली. मग आपाने पालघरला बीकॉम केलं. चार वर्षांनी माझा नंबर लागला. कॉलेज तेवढंच दूर होतं आणि लोकल तेव्हाही नव्हती. माझ्या वेळी मात्र दूर पडतं असं कुणी म्हणालं नाही. हॉस्टेलचे पैसे गोळा झाले. बारावीचं अख्खं वर्ष रात्री दहानंतर, भांडी आवरून झाली की, आपा मला इंटिग्रेशन शिकवायला बसायची. माझी ॲडमिशन झाली तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली. लोक अब्बूंना म्हणाले, मुलाने नाव काढलं.

अब्बू काही दुष्ट नव्हते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तिन्ही शिफ्ट करायचे, आणि घरात एकाच मुलाच्या फीइतके पैसे होते हे खरं आहे. पण तो एक कोण, हे ठरवायला आमच्या घरात कधी बैठक बसली नाही. कुणी निवडलं नाही, म्हणून डीफॉल्ट लागू झालं. मी त्याचा फायदा घेतला आणि कित्येक वर्षं त्याला स्वतःची मेहनत म्हणत राहिलो. मेहनत केली होतीच. पण तसं पाहिलं तर अलीबाबानेही लाकडं तोडली होती.

आता नव्या गोष्टींकडे येऊ. परीकथा बदलत आहेत, हे चांगलंच आहे. 2013 च्या 'फ्रोझन'मध्ये शाप उतरवायला राजपुत्र लागत नाही, एका बहिणीचं दुसऱ्या बहिणीवरचं प्रेम पुरतं. 2019 च्या 'अलादीन'मध्ये जास्मिन शेवटी स्वतः सुलतान होते. माझ्या मुलीने तो सिनेमा चार वेळा पाहिला आहे आणि दर वेळी त्या जागी ती उभी राहते. मला त्याचा आनंद आहे.

पण या नव्या गोष्टींत मला एक कमतरता दिसते. त्या मुलीला घराबाहेर काढतात, मुलाला घरात आणत नाहीत. राजकन्येच्या हातात तलवार आली, राज्य आलं. राजपुत्राच्या हातात लाटणं आलं नाही. बाळ कोण सांभाळतं, पोळ्या कोण करतं, म्हाताऱ्या सुलतानाला औषध कोण देतं, हे नव्या गोष्टीतही पडद्यामागेच आहे. खऱ्या आयुष्यात याचा अर्थ साधा आहे. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि घरी आल्यावर जुनी शिफ्टही त्यांचीच राहिली. माझ्या बायकोच्या हातात राज्य आहे, म्हणजे लॅपटॉप आहे. सुरीही तिच्याच हातात आहे.

हे कोडं एका मुसलमान बाईने फार पूर्वी ओळखलं होतं. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट इंग्रजीत लिहिली. त्या स्वप्नातल्या देशात बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि पुरुष पडद्यात, 'मर्दाना'त बसतात. वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की पुरुषांना कोंडलेलं बघून आपल्याला जे विचित्र वाटलं, ते बायकांना कोंडलेलं बघून वाटत नव्हतं. रुकैया यांना पुरुषांना कोंडायचं नव्हतं. त्यांना आपलं डीफॉल्ट आपल्याला दाखवायचं होतं. पुढे 1911 मध्ये त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा सुरू केली, आणि तिथे यायला मुली मिळाव्यात म्हणून घरोघर जाऊन पालकांची समजूत काढली. एकीकडे गोष्ट लिहायची आणि दुसरीकडे दार ठोठवायचं, ही दोन्ही कामं त्यांनी केली.

आपल्या महाराष्ट्रातही एक छोटा पण नेमका बदल झाला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. एका चित्रात बाई आणि पुरुष दोघं बसून पालेभाजी निवडत आहेत, दुसरीकडे डॉक्टर बाई आहे. त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला त्यातलं डॉक्टर बाईचं चित्र नवं वाटलं नाही, डॉक्टर बायका आपण रोज बघतो. नवा होता तो भाजी निवडणारा पुरुष. त्याच्याकडे बघून कुणी टाळ्या वाजवत नाही, तो कुणाला 'मदत' करत नाही. त्याच्या घरी भाजी आली आहे आणि तो ती निवडतो आहे, एवढंच. चिऊच्या गोष्टीतला हरवलेला चिमणा मला त्या चित्रात सापडला.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की गोष्ट ही गोष्ट असते, तिच्यात एवढं काय शोधायचं? मला वाटतं, हे म्हणणारे लोक गोष्टीची ताकद कमी समजतात. माझ्या नानीला अक्षरओळख नव्हती, पण मरजीनाची प्रत्येक युक्ती तिला क्रमाने पाठ होती. ती का पाठ होती, याचा विचार करा. घरात सगळ्यांच्या आधी धोका ओळखायचा, निस्तरायचा आणि मग गप्प बसायचं, हे तिच्या ओळखीचं काम होतं.

दुसरा आक्षेप आपल्या मोहल्ल्यातला. पुरुषाने भांडी घासणं ही बाहेरून आलेली फॅशन आहे, आपल्या दीनमध्ये असं नाही, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की हजरत आयशा यांच्याकडून आलेली ती हदीस तुम्ही जुम्याच्या भाषणात शेवटची कधी ऐकलीत? रसूलल्लाह घरी असताना काय करत, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस बुखारीत आहे. दाढीची लांबी आपल्याला पाठ आहे, मग हे पाठ का नाही? सुन्नत निवडतानाही आपलं डीफॉल्ट मधे येतं.

मग करायचं काय? जुन्या गोष्टी टाकून द्यायच्या, असं मी म्हणणार नाही. त्या टाकल्या तर मरजीनाही जाईल, आणि भोपळ्यातली म्हातारीही. ती म्हातारी मला आता फार आवडते. एकटी बाई, वय झालेलं, जंगलातून पायी लेकीकडे निघते. वाटेत वाघ-कोल्हे भेटतात, त्यांना ती सांगते की लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. आणि परत येताना भोपळ्यात बसून त्यांना चकवते. तिच्या गोष्टीत राजपुत्र नाही, लग्न नाही, आणि आई हक्काने मुलाकडे नाही तर लेकीकडे राहायला जाते. आपल्याकडे अशा गोष्टी कमी नव्हत्या. त्या सांगताना आपण म्हातारीला फक्त विनोदी केलं.

मी गोष्टी सांगताना आता तीन गोष्टी पाळतो. जिने काम केलं तिचं नाव गोष्टीला द्यायचं. घरात जो पुरुष दिसत नाही, तो कुठे आहे हे मुलांना विचारायचं आणि उत्तर त्यांनाच शोधू द्यायचं. आणि गोष्ट लग्नाशी थांबवायची नाही, 'मग दुसऱ्या दिवशी काय झालं' हे पुढे सांगायचं. आवडत्या आणि नावडत्या राणीच्या गोष्टीत आता आमच्याकडे मुलं विचारतात, की त्या दोघी भांडत बसण्यापेक्षा राजालाच जाब का विचारत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत मुलांच्या गोष्टी फुकट वाचायला मिळतात, त्यांचाही उपयोग होतो. एक पथ्य मात्र सगळ्यात महत्त्वाचं आहे. या गोष्टी मुलांनाही, म्हणजे मुलग्यांनाही, सांगायच्या. मुलींना त्यांची बऱ्यापैकी गरज आहे. मुलग्यांना जास्त आहे, कारण बदलायचं राहून गेलं आहे ते त्यांच्याकडचं.

आणि हे सगळं सांगून झालं की उठून भांडी घासायची. नाहीतर मुलं गोष्ट ऐकतील आणि बघतील भलतंच. सध्या आमच्याकडे रात्रीची भांडी आणि सकाळचे दोन डबे माझ्याकडे आहेत. पहिला महिनाभर माझ्या पोळ्यांचे नकाशे व्हायचे. मुलगी त्यातून देश ओळखायची.

हा लेख छापायला देण्याआधी मी आपाला वाचायला दिला. ती आता बोईसरमध्येच घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. तिने शांतपणे वाचला आणि म्हणाली, "मला मरजीना करून मोठं नको करूस. तेव्हा घरात आपण पाच जण होतो. मला काय करायचंय, हे कुणी विचारलं नाही. तूही नाही."

मी चौदा वर्षांचा होतो, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही, कारण त्यानंतरही वीस वर्षं गेली होती. मग मी विचारलं, "आता काय करायचंय?"

ती म्हणाली, तिला मुक्त विद्यापीठातून गणितात पदवी घ्यायची आहे, पण संध्याकाळच्या शिकवण्या, सासूबाईंचं औषधपाणी आणि दोन मुलं यांत अभ्यासाला वेळ निघत नाही. तिचा नवरा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, पण लेखाचं शीर्षक त्याने दोनदा वाचलं. सध्या मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी तिची दोन्ही मुलं आमच्याकडे असतात आणि मी घरून काम करतो. बाकीच्या दिवसांचं त्या घरातल्या चिमण्याने बघायचं आहे.